राज्य कोणाचे, आणि कुठवर?

(१७ सप्टेंबरनिमित्त मंडळाच्या सभेत झालेल्या व्याख्यानाचा मजकूर. सभेस येऊ न शकलेल्या सभासदांच्या आग्रहावरून येथे देत आहोत.)



मंडळाने मला आज बोलायला बोलावले आणि विषय दिला, ‘व्यक्तीचे स्वातंत्र्य आणि राज्यसत्तेच्या मर्यादा’. विषय ऐकायला जड आहे, पण आपल्या जिल्ह्याला तो परका नाही. त्याची किंमत या जिल्ह्याने मोजलेली आहे. म्हणून पुस्तकातले तत्त्वज्ञान कमी आणि आपल्या भागातले दाखले जास्त, असे आज बोलणार आहे.

आजचा दिवसच घ्या. शेजारच्या किनवट तालुक्यात आज मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन आहे. आपल्याकडे मात्र याच दिवसाची नावे बदलत राहिली. २०२२ साली केंद्र सरकारने तो हैदराबाद मुक्ती दिन म्हणून साजरा केला आणि राज्य सरकारने राष्ट्रीय एकात्मता दिन म्हणून. २०२४ साली, सत्ता बदलल्यावर, नव्या राज्य सरकारने त्याला प्रजापालन दिन म्हटले. नाव कोणते बरोबर, हा वाद सोडवायला मी उभा नाही. ज्याची सत्ता तो आपल्या सोयीचे नाव देतो, एवढे लक्षात घेऊन पुढे जाऊ.

आता आपापल्या घरातले सर्वांत वयस्कर माणूस डोळ्यांसमोर आणा. १९४८ पर्यंत ते निजामाची रयत होते. १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचे नागरिक झाले. मग आंध्र प्रदेशाचे. २ जून २०१४ पासून तेलंगणाचे. २०१६ च्या ऑक्टोबरात जिल्ह्याचेही चार तुकडे झाले; कोणी आदिलाबादेत राहिले, कोणी निर्मल, मंचेरियाल, आसिफाबादेत गेले. गाव तेच, शेत तेच, देवघर तेच. माणूस जागचा हलला नाही, डोक्यावरचे राज्य तेवढे बदलत गेले.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत राजुरा, किनवट हा भाग मुंबई राज्यात गेला आणि आपण आंध्रात राहिलो. त्याची हळहळ आपल्या समाजात दोन-तीन पिढ्या राहिली. राज्य आपले असते तर आपले प्रश्न सुटले असते, असे आपण धरून चाललो. भाषेची ओढ खरी आहे, तिला कमी लेखायचे नाही. पण केरामेरी आणि जिवती यांच्यामधल्या चौदा गावांकडे पाहा. तेलंगण म्हणते आमची, महाराष्ट्र म्हणतो आमची. तिथल्या लोकांकडे दोन्ही राज्यांची मतदार ओळखपत्रे आहेत, दोन्हीकडची रेशनकार्डे आहेत. कसत असलेल्या जमिनीच्या पट्ट्याची तक्रार मात्र तिथे वर्षानुवर्षे ऐकू येते. एक सोडून दोन राज्ये मिळाली, तरी जमिनीचा कागद मिळेलच असे नाही.

म्हणून माझे आजचे म्हणणे एका वाक्यात सांगतो. राज्य कोणाचे, हा प्रश्न आपण खूप विचारला. आता राज्य कुठवर, हा प्रश्न विचारायला शिकले पाहिजे. आणि तो आपल्यावर वेळ आली तरच नव्हे, शेजाऱ्यावर आली तरीही विचारला पाहिजे.

गश्तीचे राज्य

निजामाच्या राजवटीत राज्य कुठवर, याला उत्तरच नव्हते. ते सगळीकडे होते. १९२० च्या दशकातली ‘गश्ती निशान ५३’ जुन्या मंडळींनी वडिलांच्या तोंडून ऐकली असेल. गश्ती म्हणजे सरकारी परिपत्रक. विधिमंडळात चर्चा नाही, मतदान नाही. कचेरीतून कागद निघाला की तो कायदा. या गश्तीने सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय सार्वजनिक सभा घेण्यास बंदी आली. खाजगी शाळा काढायची, तरीही परवानगी. सभा धर्माची असो, भाषेची असो की वाचनालयाची, अधिकाऱ्याने हो म्हटले तर होणार, नाही म्हटले तर नाही. नाही का म्हटले, हे विचारायची सोय नाही.

आपल्या मराठी माणसांनी त्यातूनच वाट काढली. १९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन व्हायची होती. ती स्थापन होण्याच्या आधीच, सप्टेंबरात, सरकारने तिच्यावर बंदी घातली. संस्था जन्मलेली नाही, तिने एक ठराव केलेला नाही, तरी ती गुन्हेगार ठरली. ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला, स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात गेले. ती बंदी उठायला १९४६ साल उजाडले. त्याच १९३८ च्या अखेरीस औरंगाबादच्या आणि हैदराबादच्या विद्यार्थ्यांनी वसतिगृहात वंदे मातरम् म्हटले म्हणून त्यांना उस्मानिया विद्यापीठाखालच्या महाविद्यालयांतून काढले. त्यातल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला, म्हणून त्यांचे शिक्षण पुरे झाले. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्या विद्यार्थ्यांपैकी एक.

हा इतिहास आपण दरवर्षी अभिमानाने सांगतो, आणि सांगावाच. पण त्याच काळात आपल्याच जिल्ह्यात दुसरी एक लढाई चालू होती आणि ती आपल्या सभांतून कमी सांगितली जाते. जंगल राखीव करताना निजामाच्या जंगल खात्याने गोंड आणि कोलाम वस्त्या उठवल्या, पिके आणि झोपड्या सरकारी ठरवल्या. कोमरम भीम यांनी दाद मागून पाहिली. शेवटी १९४० साली जोडेघाटच्या डोंगरात पोलिसांच्या गोळ्यांनी ते आणि त्यांचे साथीदार मारले गेले. त्यानंतर सरकारने या भागाचा अभ्यास करायला हाइमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला पाठवले. मारलावाईला राहून त्याने काम केले, गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र निघाले, गोंडीची पुस्तके आपल्या देवनागरीत छापली गेली, जमिनीचे पट्टे वाटले गेले. म्हणजे आधी गोळी आणि मागाहून चौकशी, असा तो क्रम झाला. लोकांचे म्हणणे आधी ऐकून घेण्याची सक्ती त्या सत्तेवर असती, तर जोडेघाट घडले नसते.

सत्ता दुबळी नको

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. सत्तेला मर्यादा असावी याचा अर्थ सत्ता दुबळी असावी असा नाही. १९४७-४८ चा काळ आठवा. कायदा राखण्याचे काम सरकारने सोडले आणि रझाकारांना मोकळे रान दिले. हजारो कुटुंबे घरदार सोडून सरहद्दीपलीकडे गेली. उमरखेडसारख्या ठिकाणी पैनगंगेच्या पलीकडे स्टेट काँग्रेसच्या छावण्या होत्या, हे आपल्याला माहीत आहे. २२ ऑगस्ट १९४८ च्या पहाटेआधी ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांना हैदराबादेत ठार मारले. त्यांचा गुन्हा एवढाच की, भारतात विलीन व्हावे असे त्यांनी लिहिले.

१३ सप्टेंबरला भारतीय फौजा आल्या आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. आपल्या घरांत गुढ्या-तोरणे लागली. पण त्यानंतरच्या आठवड्यांत मराठवाड्यात आणि बिदर-गुलबर्ग्याकडे निरपराध मुसलमानांच्या कत्तली झाल्या. भारत सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार असा दिला. तो अहवाल सर्वसामान्यांना पाहायला मिळायला २०१३ साल यावे लागले. मुक्तिदिनी हे बोलावे का, असे कोणाला वाटेल. मला वाटते बोलावे. रझाकारांच्या वेळी सत्तेने डोळे मिटले, तेव्हा आपली माणसे मेली. मागाहून पुन्हा सत्तेचे डोळे मिटले, तेव्हा त्यांची मेली. माणसाचा जीव वाचवणे हे राज्याचे पहिले काम. त्या कामासाठी दिलेला अधिकार दुसरीकडे वापरला जाऊ नये, एवढ्यासाठी मर्यादा.

आपले राज्य आले, त्यानंतर

२६ जानेवारी १९५० ला संविधान लागू झाले आणि गश्तीच्या जागी कायदा आला. कलम १९ ने प्रत्येक नागरिकाला शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क दिला. निजामाच्या वेळी सभा ही मेहेरबानी होती, आता ती हक्क झाली. सरकारला बंधन घालता येते, पण ते कायद्याने, वाजवी आणि सार्वजनिक सुव्यवस्थेसारख्या सांगितलेल्या कारणांसाठीच.

तरी पंचवीस वर्षांत काय झाले? १९७५ च्या जूनमध्ये आणीबाणी आली. सत्ता परक्याची नव्हती, निवडून दिलेल्यांची होती. महाराष्ट्रात मराठी माणसांचे राज्य होते, म्हणून तिथले मिसाबंदी कमी झाले नाहीत. त्या डिसेंबरात कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी लेखनस्वातंत्र्याची बाजू मांडली, जयप्रकाशजींच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावली आणि पुढे त्यांनाही तुरुंगात जावे लागले. २८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने सांगितले की, आणीबाणीत बेकायदा अटकेविरुद्ध नागरिकाला न्यायालयात दाद मागता येणार नाही. एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना विरोधात गेले आणि त्यांचे सरन्यायाधीशपद हुकले. चारांमध्ये न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड होते. २०१७ साली नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणाच्या हक्काचा निकाल दिला, तेव्हा तो १९७६ चा निकाल चुकीचा ठरवला. आणि तसे लिहिणारे होते त्यांचेच चिरंजीव धनंजय चंद्रचूड. मधल्या काळात १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ठरवले होते की, आणीबाणीतही जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क स्थगित करता येणार नाही.

आणखी एका मराठी माणसाचे नाव इथे घेतले पाहिजे, कारण त्याचे काम या राज्याशी जोडलेले आहे. सासवडचे वि. म. तारकुंडे. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्तिपद सोडून ते नागरी हक्कांच्या कामात आले. आणीबाणी उठल्यावर १९७७ साली, आंध्र प्रदेशात नक्षलवादी म्हणून मारल्या गेलेल्या तरुणांच्या ‘चकमकी’ खऱ्या की खोट्या, हे तपासणारी नागरिकांची समिती त्यांच्या अध्यक्षतेखाली नेमली गेली. तारकुंडे नक्षलवादी नव्हते, त्यांचे विचार पूर्ण वेगळे होते. गुन्हा केला असेल तर खटला भरा, शिक्षा न्यायालयाला करू द्या, एवढेच त्यांचे म्हणणे. ज्याचे विचार पटत नाहीत त्याच्याही जिवाचा हिशोब राज्याला मागायचा, हा धडा या मराठी न्यायमूर्तीने आंध्रात येऊन घालून दिला.

इंद्रवेल्लीचा सोमवार

आता घराजवळ येऊ. २० एप्रिल १९८१. सोमवार, इंद्रवेल्लीच्या बाजाराचा दिवस. गिरिजन रयतू कुली संघमने त्या दिवशी सभा ठेवली होती. मागणी जमिनीच्या पट्ट्यांची, हातातून गेलेल्या जमिनी परत मिळण्याची. सभेला परवानगी नाही, जमावबंदी आहे, असे प्रशासनाने ठरवले. पण डोंगरातल्या गुड्यांवरून पहाटेच निघालेल्या माणसाला ते कसे कळणार? कोणी सभेला आले, कोणी मीठ-मिरची घ्यायला आले. गोळीबार झाला. सरकारी आकडा तेरा मृतांचा. नागरी हक्क संघटनांनी तो याहून कितीतरी मोठा सांगितला. सुरुवात कशी झाली, याची सरकारी आणि बिनसरकारी हकीकतही वेगवेगळी आहे. तो वाद मी बाजूला ठेवतो. पण ज्या देशात सभा घेणे हा हक्क आहे, तिथे सभेच्या दिवशी आठवडी बाजारात माणसे मेली, याबद्दल वाद नाही.

पुढचे अधिक विचार करण्यासारखे आहे. तिथे मृतांचा स्तूप उभा राहिला. १९८० च्या दशकातच तो पाडला गेला आणि पुन्हा उभारावा लागला. त्यानंतर वर्षानुवर्षे २० एप्रिल आला की इंद्रवेल्लीत जमावबंदी, पोलिसांचा बंदोबस्त, येणाऱ्या-जाणाऱ्यांची अडवणूक. बाप किंवा भाऊ गेला त्या जागी फूल वाहायला परवानगी लागायची. तेलंगण झाल्यावर हे निर्बंध सैल होत गेले, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत मुख्यमंत्री रेवंत रेड्डी यांनी त्याच स्तूपाला अभिवादन करून स्मृतिवनाची पायाभरणी केली. चांगले झाले. पण मग आधीची ती सगळी वर्षे सुव्यवस्थेला कोणता धोका होता? धोका दाखवायची सक्ती कोणी केली नाही, म्हणून मनाई चालू राहिली.

आपले लोक हे प्रकरण गोंडांचे म्हणून बाजूला ठेवतात. पण गश्ती ५३ आणि इंद्रवेल्लीची जमावबंदी शेजारी शेजारी ठेवून पाहा. परतूरला जमणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांना जी परवानगी मागावी लागली, तीच पुढे इंद्रवेल्लीच्या विधवेला मागावी लागली.

विचारायचे तीन प्रश्न

मग सामान्य माणसाने करायचे काय? मी वकील नाही, पण वाचून आणि पाहून एवढे समजले आहे की, सरकारचा कोणताही हुकूम आला की तीन प्रश्न विचारावेत. हा हुकूम कोणत्या कायद्याने? कारण काय, आणि किती दिवसांसाठी? आणि अन्याय झाला तर दाद कोणाकडे?

जमावबंदीलाच हे लावून पाहू. पूर्वीचे कलम १४४, १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत कलम १६३. कायदा आहे, तेव्हा पहिला प्रश्न सुटला. नागपूरच्या गिरणी कामगारांच्या वादातून निघालेल्या बाबुलाल पराते खटल्यात १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरवले. पण ते तातडीच्या प्रसंगासाठी, तात्पुरते, आणि हुकूम रद्द करा असा अर्ज करता येतो म्हणून. दंडाधिकाऱ्याचा हुकूम दोन महिन्यांपलीकडे चालत नाही. राज्य सरकारला तो आणखी सहा महिन्यांपर्यंतच वाढवता येतो. १९७२ साली अहमदाबादच्या खटल्यात, रस्त्यावरील सभेला परवानगी देणे-नाकारणे पोलीस आयुक्ताच्या मर्जीवर सोडणारा नियम घटनापीठाने रद्द केला. सभा कुठे, कधी, वाहतूक कशी, हे सरकारने ठरवावे. पण मर्जीवर सभा बंद करता येणार नाही. आणि १० जानेवारी २०२० ला काश्मीरच्या अनुराधा भसीन खटल्यात सांगितले गेले की, असे हुकूम प्रसिद्ध केले पाहिजेत, त्यांत कारणे हवीत, रास्त मतप्रदर्शन दाबायला ते वापरू नयेत आणि तेच तेच हुकूम पुन्हा पुन्हा काढणे हा अधिकाराचा दुरुपयोग आहे. इंद्रवेल्लीचे कोणी तेव्हा न्यायालयात गेले असते, तर त्यांना नेमके हेच सांगायचे होते.

आता आपल्या दुखऱ्या जागेवर येतो. एजन्सी भागातला १९७० चा पहिला विनियम, ज्याला सगळे ‘वन ऑफ सेव्हंटी’ म्हणतात. अनुसूचित क्षेत्रात बिगर आदिवासीने जमीन विकायची तर ती आदिवासीलाच, दुसऱ्या बिगर आदिवासीला नाही. बिगर आदिवासीकडची जमीन मुळात आदिवासीची, असे गृहीत धरले जाते आणि तसे नाही हे त्याने सिद्ध करायचे. आपल्यातल्या अनेक कुटुंबांना हा थेट स्वातंत्र्यावरचा घाला वाटतो. माझी जमीन, मी कोणाला विकावी हे सरकार कोण सांगणार?

तीन प्रश्न लावू. कायद्याने आहे काय? आहे. कारण सांगितले आहे काय? सांगितले आहे, आणि ते खरे आहे. सावकारी कर्जात, दारूत, कागद न वाचता येण्यात गोंडांच्या जमिनी गेल्या. घेणाऱ्यांत तेलुगू होते, तसे मराठीही होते; हाइमेनडॉर्फने हे लिहून ठेवले आहे. दाद आहे काय? आहे; प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९८८ साली हा विनियम वैध ठरला. म्हणजे हा निर्बंध आपल्याला आवडो वा न आवडो, तो गश्ती नाही. दुबळ्याचे स्वातंत्र्य टिकावे म्हणून सबळाच्या स्वातंत्र्याला घातलेली ती मेर आहे. पण याच कायद्याखाली ज्या जुन्या कुटुंबाकडे खरी कागदपत्रे आहेत, त्याला नोटीस न देता, त्याचे म्हणणे न ऐकता जमीन काढली, तर ते मात्र चूक. आणि तिथे मंडळाने पाठीशी उभे राहिले पाहिजे. निर्बंध मान्य करणे आणि मनमानी मान्य करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तिसरा प्रश्न किती महत्त्वाचा, हे ‘धरणी’ने सगळ्यांना शिकवले. २०२० च्या कायद्याने जमिनीच्या नोंदी संगणकावर आणल्या. हेतू चांगला होता. पण नोंद चुकली तर दुरुस्तीसाठी गावाजवळ अपील करण्याची जुनी वाट बंद झाली. तहसीलदार म्हणे माझ्या हातात नाही, संगणक म्हणे पर्याय नाही. पट्टा एकाचा, नाव दुसऱ्याचे, आणि शेतकरी कलेक्टर कचेरीच्या पायऱ्यांवर. गोळी नाही, तुरुंग नाही, तरी माणूस तितकाच अगतिक. शेवटी १४ एप्रिल २०२५ पासून त्या जागी ‘भूभारती’ कायदा आला आणि त्यात अपिलाची तरतूद पुन्हा करावी लागली. ती नीट चालते की नाही, हे आपल्यालाच पाहायचे आहे.

त्याच वर्षी मे महिन्यात राज्य सरकारने आसिफाबाद जिल्ह्यातील वाघांचा मार्ग संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर करणारा ४९ क्रमांकाचा आदेश काढला. कव्वाल ते ताडोबा वाघाची वाट राखायला हवी, यात शंका नाही. पण ज्यांची गावे त्या वाटेवर आहेत, त्यांच्या ग्रामसभांना विश्वासात घेतले नाही, अशी तक्रार उठली. आंदोलने झाली आणि जुलैत आदेश स्थगित झाला. जोडेघाटच्या वेळी असे थांबवता आले नव्हते. पंचाऐंशी वर्षांत एवढा फरक पडला, आणि तो लोकांनी विचारायला सुरुवात केल्यामुळे पडला.

सगळेच सुधारले असेही नाही. १९८६ च्या प्रतिबंधक स्थानबद्धता कायद्याखाली आपल्या राज्यात माणसाला खटल्याशिवाय वर्षभरापर्यंत डांबता येते. तो सर्रास वापरला जातो, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली तेलंगण पोलिसांवर कडक ताशेरे ओढले आणि २०२४ मध्ये पुन्हा सुनावले. पकडला तो गुंडच होता, असे आपण म्हणतो आणि वर्तमानपत्राचे पान उलटतो. गुंड असेल तर खटला चालवा. खटला न चालवता डांबायची सवय सत्तेला लागली, की ती गुंडापाशी थांबत नाही. मिसा आला तेव्हाही तो देशद्रोह्यांसाठी आहे असेच सांगितले होते.

आपण काय करावे

भाषेचा प्रश्न आपल्या सगळ्यांच्या मनात आहे, म्हणून त्याबद्दल दोन वाक्ये. २०१८ च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत तेलुगू शिकवणे सक्तीचे केले. आपल्या मुलांनी तेलुगू उत्तम शिकावे. इथे राहायचे, इथे बाजार करायचा, इथे नोकरी करायची. पण घटनेच्या ३५० अ कलमाप्रमाणे प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करणे हे राज्याचे काम आहे. राज्याने एक भाषा जोडावी, दुसरी काढू नये. मराठी शाळेत शिक्षक नेमला जात नसेल, तर तो का नाही, हे आपण लेखी विचारावे. २००५ चा माहिती अधिकार कायदा त्यासाठीच आहे. दहा रुपयांत अर्ज होतो.

मंडळापुढे माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, मंडळाच्या कचेरीत एक वही ठेवावी. सभासदाला कोणतीही नोटीस, मनाई, जप्ती, नावातील फेरफार आला, की त्याची तारीख, कायद्याचे कलम आणि अपिलाची मुदत त्यात लिहावी. बहुतेक प्रकरणे अन्यायाने नव्हे, मुदत टळल्याने हरतात. दुसरी, तोंडी हुकूम मानू नये. साहेब, लेखी द्या, एवढे नम्रपणे म्हणायला तरुणांना शिकवावे. ज्याला लिहून द्यावे लागते, तो अधिकारी दहादा विचार करतो. तिसरी सूचना सर्वांत अवघड. येत्या २० एप्रिलला मंडळाने आपले दोन प्रतिनिधी इंद्रवेल्लीला पाठवावेत. भाषण करायला नको, फक्त फूल वाहायला.

कोणी म्हणेल, आपण इथे अल्पसंख्य, कशाला नसत्या फंदात पडा? माझे म्हणणे नेमके उलटे आहे. बहुसंख्यांना एखादे वेळी मतांच्या जोरावर निभावून नेता येते. थोड्यांना कायद्याशिवाय आधार नाही. जे राज्य गोंडाला विचारल्याशिवाय हात लावत नाही, तेच राज्य मराठी माणसालाही विचारल्याशिवाय हात लावणार नाही. आपल्या डोक्यावर चार राज्ये आली, पुढे आणखी काय बदल होतील कोणी सांगावे. राज्य कोणाचेही असो, ते आपल्या उंबऱ्याबाहेर थांबून कागद दाखवील, एवढी सवय त्याला लावून ठेवू. पुढच्या पिढीला घर-शेतीबरोबर एवढे देऊन गेलो तरी पुष्कळ झाले.